धर्मादाय रॅफल (ब्रिटन)

धर्मादाय रॅफल : सत्कार्यासाठी पैसा उभा करण्याकरिता क्रमांकित तिकिटे विकून, चिठ्ठी उचलून बक्षीस देण्याची पद्धत. मराठीत हिलाच सोडत किंवा लकी ड्रॉ म्हणतात. भाग घ्यायला पैसे मोजावे लागतात, बक्षीस असते आणि ते निव्वळ नशिबावर मिळते, अशी तिन्ही लक्षणे जुळली की ब्रिटिश कायद्याच्या लेखी ती लॉटरीच. मग बक्षीस फळांची टोपली असो वा मोटारगाडी. भाग घेणे खरोखर फुकट असेल तर मात्र ती लॉटरी ठरत नाही.

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये हा विषय २००५ च्या जुगार कायद्याखाली येतो. त्याच्या बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २००७ पासून लागू झाल्या. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, १९८५ चा आहे. राष्ट्रीय लॉटरी सोडली तर खाजगी नफ्यासाठी लॉटरी काढायला मनाईच आहे. रॅफलला मिळते ती त्या मनाईतून सूट, आणि ती किती सैल हे हेतू किती उदात्त यावर ठरत नाही. तिकीट किती अनोळखी हातांत जाणार, यावर ठरते.

सर्वांत सैल नियम कार्यक्रमातल्या रॅफलला आहेत. शाळेची जत्रा, स्नेहसंमेलन, मंडळाचा गणेशोत्सव अशा कार्यक्रमात ती घेता येते. नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. तिकिटे मात्र कार्यक्रमाच्या जागी आणि कार्यक्रम चालू असतानाच विकायची. सोडत नंतर काढली तरी चालते. जमलेल्या पैशांतून खर्चासाठी १०० पौंड आणि बक्षिसांसाठी ५०० पौंड, यापेक्षा जास्त वळते करता येत नाहीत. दुकानदारांनी दान दिलेल्या बक्षिसांना ही मर्यादा नाही, म्हणूनच कार्यकर्ते आधी आठवडाभर दुकानांचे उंबरे झिजवतात. बक्षिसात दारूची बाटली ठेवायची तर ती सीलबंद असावी आणि रोख बक्षीस ठेवू नये. मग मद्यपरवान्याचीही गरज उरत नाही.

खाजगी सोडत ही दुसरी तऱ्हा. एखाद्या संस्थेचे सभासद, एकाच जागी काम करणारे सहकारी किंवा एकाच वास्तूत राहणारे रहिवासी यांच्यापुरती ती असते. तिची जाहिरात त्या जागेबाहेर करता येत नाही आणि घेतलेले तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

घोळ होतो तो यापुढे. तिकिटांची पुस्तके कार्यकर्त्यांनी घरी नेली, मित्रांना विकली, व्हॉट्सॲपच्या गटात क्रमांक वाटले, की ती कार्यक्रमातली रॅफल राहत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा, कारण आपल्याकडे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणे ही मंडळाची जुनीच रीत. तिकडे त्यासाठी ‘लघु संस्था लॉटरी’ म्हणून स्थानिक परिषदेकडे संस्थेची नोंद करावी लागते. शुल्क पहिल्या वर्षी ४० पौंड, पुढे दरवर्षी २० पौंड. संस्था धर्मादाय, क्रीडा, सांस्कृतिक किंवा अन्य बिगरनफा हेतूची हवी. केवळ रॅफलपुरती उभी केलेली चालत नाही.

एका सोडतीची तिकीटविक्री २०,००० पौंडांवर किंवा वर्षाची एकूण विक्री २,५०,००० पौंडांवर गेली तर ती लघु राहत नाही. जमलेल्या रकमेपैकी किमान २० टक्के संस्थेच्या कार्याला गेलेच पाहिजेत. एकच बक्षीस २५,००० पौंडांपेक्षा मोठे असू शकत नाही. तिकिटावर संस्थेचे नाव, किंमत, जबाबदार व्यक्तीचे नाव-पत्ता आणि सोडतीची तारीख छापायची. सर्व तिकिटांची किंमत सारखीच ठेवायची. ‘पाच घेतलीत तर एक फुकट’ असा हिशेब इथे बसत नाही. सोळा वर्षांखालील मुलांना तिकीट विकता येत नाही. भर रस्त्यात उभे राहून विकायलाही बंदी आहे. सोडतीनंतर तीन महिन्यांच्या आत किती जमले, खर्च किती, कार्याला किती गेले याचे विवरण दोन सज्ञान सभासदांच्या सह्यांनिशी परिषदेला द्यावे लागते. उत्साहाच्या भरात राहून जाते ते हेच कलम.

या मर्यादा ओलांडणाऱ्या संस्थांना जुगार आयोगाचा परवाना लागतो. २०२० पासून त्यांना एका सोडतीत ५० लाख पौंडांपर्यंत तिकिटे विकता येतात. तिकिटाचे पैसे करसवलतीसाठी देणगी धरले जात नाहीत, कारण देणाऱ्याने बदल्यात बक्षिसाची संधी घेतलेली असते.

ही रचना एकदम घडलेली नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारी लॉटरी बंद झाल्यावर चर्चच्या आवारातली रॅफलही काटेकोर पाहता बेकायदाच ठरत असे. १९३४ च्या कायद्याने बाजार-जत्रांतील छोट्या सोडतींना आणि खाजगी सोडतींना प्रथम मुभा दिली. १९५६ मध्ये धर्मादाय आणि क्रीडा संस्थांसाठी दार आणखी उघडले.

१९३४ च्या कायद्याचा ठसा मुंबईतही दिसतो. १९४८ च्या मुंबई कायद्याने लॉटऱ्या बेकायदा ठरवल्या, पण करमणुकीच्या कार्यक्रमातील सोडत आणि खाजगी सोडत यांना अटींवर वगळले. पुढे १९५८ चा कायदा आला. राज्य शासनाने अधिकृत न केलेली लॉटरी काढण्यासाठी कार्यालय वा जागा चालवणे हा गुन्हा भारतीय दंड संहितेत १८७० पासून होता (कलम २९४-अ). १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये आहे.