कॉर्डलेस हत्यारे आणि त्यांच्या बॅटऱ्या

कॉर्डलेस हत्यारे : काढता-घालता येणाऱ्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालणारी विजेची हातहत्यारे. ड्रिल, स्क्रू पिळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, नट खोलणारा इम्पॅक्ट रेंच, ग्राइंडर, गोल पात्याची करवत, जिगसॉ, ब्लोअर, बागेतली छाटणीची कात्री असा त्यांचा पसारा आहे. दुकानदार ‘कॉर्डलेस’ म्हणतो, साइटवर ‘बॅटरीचं मशीन’ म्हणतात. घेताना बहुतेकांची नजर मशीनवर असते. पैसे मात्र बॅटरीत जातात, आणि पुढची कित्येक वर्षे कोणत्या कंपनीशी संसार करायचा हेही बॅटरीच ठरवते. म्हणून या नोंदीत बॅटरीला झुकते माप दिले आहे.

सुताराचे गिरमिट आणि दोरीने फिरवायचा सामता ही मुळातली बिनवायरीचीच हत्यारे. वायर आली ती जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने 1895 साली विजेवरचे हातड्रिल बनवले तेव्हा. अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरने 1961 मध्ये निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे ड्रिल आणून ती तोडली. कॉर्डलेस ड्रिल नासाने शोधून काढले असे अजूनही ठासून सांगितले जाते, पण क्रम उलटा आहे. हत्यार आधी होते, नासाचे काम त्या कंपनीकडे नंतर आले. अपोलो 15 मोहिमेत 1971 साली डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या जमिनीत बॅटरीच्या ड्रिलने भोके पाडली. जायचे होते सुमारे 3 मीटर खोल. पहिले भोक जवळपास निम्म्यावर अडले. बॅटरी दमली नव्हती. बिटचे, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळीचे, तुकडे एकमेकांना जोडलेले होते आणि त्यांच्या सांध्यांपाशी वर येणारी माती अडकत होती. भिंतीत भोक पडेना की बॅटरीला शिव्या देणाऱ्यांनी आधी बिट बघावे, हे चंद्रावरही खरे ठरले.

जपानच्या मकिताचे 7.2 व्होल्टचे ड्रिल 1978 साली आले आणि पुढची पंचवीस वर्षे निकेल-कॅडमियमचीच गेली. ती बॅटरी दणकट होती, पण जड; नुसती ठेवली तरी आपोआप उतरायची, आणि अर्धवट उतरवून वारंवार चार्ज केली की क्षमता घटते असा तिचा लौकिक होता. ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका’ हा सल्ला त्या काळचा. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही, उलट तिचे आयुष्य कमी करतो. तरी काउंटरवरून तो आजही मोफत मिळतो. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने 2016 च्या अखेरीपासून कॉर्डलेस हत्यारांत ते बंद केले. तोवर बाजार वळलाच होता: बॉशचा ‘इक्सो’ हा छोटा स्क्रूड्रायव्हर 2003 साली लिथियमवर आला, तर मिलवॉकीची 28 व्होल्टची दांडगी हत्यारे आणि मकिताची लिथियम मालिका 2005 साली.

बॅटरीच्या पोटात

18 व्होल्टची बॅटरी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडलेली दिसते तेव्हा पहिल्यांदा पाहणारा थोडा निराश होतो. आत पेन्सिल सेलच्या थोराड भावांसारखे पाच किंवा दहा गोल सेल, त्यांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या आणि एक छोटा सर्किट बोर्ड, बस. सेलचे नाव ‘18650’ म्हणजे त्याचे मापच: व्यास 18 मिलिमीटर, लांबी 65. अलीकडच्या बॅटऱ्यांत 21 बाय 70 मापाचा ‘21700’ असतो. एका सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट, पाच एकामागे एक जोडले की 18.

पाटीवरच्या आकड्यांचा घोळ इथेच सुटतो. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्टवर जातो, म्हणजे पाचांचे 21. त्यामुळे ‘18 व्होल्ट’, ‘20 व्होल्ट मॅक्स’ आणि ‘21 व्होल्ट’ या बॅटऱ्या आतून पाच सेलांच्याच असतात. कोणी मधला आकडा छापला, कोणी वरचा. 10.8 आणि 12 व्होल्टची तीच गत, तिथे तीन सेल. स्वस्त मशीनवर ‘48 व्हीएफ’, ‘88 व्हीएफ’ असे काही लिहिलेले असते त्याचा मात्र व्होल्टशी संबंध नाही. त्याच बॅटरीच्या पोटाखाली बारीक अक्षरांत 21 व्होल्ट लिहिलेले अनेकदा सापडते.

व्होल्टला अँपिअर-अवरने (बॅटरीवर ‘एएच’ लिहितात ते) गुणले की वॉट-अवर मिळतात, आणि खरी शिदोरी तीच. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर. घरच्या मीटरचे एक युनिट 1000 वॉट-अवरचे; म्हणजे चार्जरमधली गळती धरून एका युनिटात अशा दहाएक बॅटऱ्या भरतात. एवढ्याशा विजेत काम कसे होते? स्क्रूला जोर लागतो तो क्षणभर, म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर एका चार्जवर शेकडो स्क्रू पिळतो. ग्राइंडर मात्र सतत खातो. वायरवरचा 850 वॉटचा 4 इंची ग्राइंडर जेवढी वीज ओढतो तेवढी ओढली तर ही बॅटरी सहा-साडेसहा मिनिटांत रिकामी. दिवसभर मार्बल कापणाऱ्याने किंवा भिंत फोडणाऱ्याने वायर सोडू नये. चार बोल्ट कापायला शिडीवर चढायचे असेल तर बॅटरीच्या ग्राइंडरसारखे सुख नाही.

5 अँपिअर-अवरच्या बॅटरीत बहुधा पाच-पाच सेलांच्या दोन ओळी असतात. त्यामुळे ती जास्त वेळ तर पुरतेच, शिवाय जोरही जास्त देते, कारण भार दोन ओळींत वाटला जातो आणि व्होल्ट कोसळत नाहीत. 2 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर 18 मिलिमीटरच्या प्लायमध्ये अडखळणारी करवत 5 ची लावताच सरळ जाते. मशीन तेच, पाते तेच. उलट फॉल्स सीलिंगसाठी दिवसभर डोक्यावर हात करायचा असेल तर छोटी बॅटरीच बरी, खांदा दुवा देतो. डीवॉल्टने 2016 साली आणलेल्या ‘फ्लेक्सव्होल्ट’ बॅटरीत पंधरा सेल असतात. लहान मशीनला लावली की ते पाच-पाचच्या तीन ओळींत 18 व्होल्ट देतात, मोठ्या मशीनला लावली की सगळे एका रांगेत येऊन 54. मशीनच्या खाचेतल्या पट्ट्याच ही जोडणी बदलतात. अमेरिकेत याच जोडीला 20 आणि 60 म्हणतात, पुन्हा वरचाच आकडा.

नकली बॅटरी ओळखायला सर्वात सोपे यंत्र म्हणजे वाण्याचा तराजू. 18650 सेलचे वजन 45 ग्रॅमच्या आसपास असते आणि चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन अँपिअर-अवरच्या फार वर काही मावत नाही. हत्यारासाठी भक्कम प्रवाह देणाऱ्या सेलमध्ये तर दोन ते तीनच. म्हणजे 5 अँपिअर-अवर लिहिलेल्या बॅटरीत असे दहा सेल हवेत, नुसत्या सेलांचेच साडेचारशे ग्रॅम, आणि खोक्यासह सहाशेच्या पुढे. चारशे ग्रॅम भरणारी ‘5 एएच’ किंवा ‘8 एएच’ बॅटरी आत पाच सेल आणि बाकी हवा घेऊन आलेली असते.

निवड

पहिला गोंधळ नावाचा. ‘इम्पॅक्ट ड्रिल’ आणि ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ ही दोन वेगळी मशीने आहेत. इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे हॅमरचे बटण असलेले ड्रिल, बिटला पुढे-मागे ठोकते. वीटकामात, प्लास्टरमध्ये गिट्टीसाठी (स्क्रू धरून ठेवणाऱ्या खुंटीसाठी) भोक पाडायला ते चालते. इम्पॅक्ट ड्रायव्हर फिरण्याच्या दिशेत ठोके देतो. आतला छोटा हातोडा फिरता-फिरता सेकंदाला पन्नासेक वेळा आपटतो, त्यामुळे लांब स्क्रू पिळताना मनगटाला झटका बसत नाही. त्याने काँक्रीटमध्ये भोक पडत नाही, आणि कपाटाच्या बिजागरीचा नाजूक स्क्रू नवख्याच्या हातून हमखास जास्त पिळला जाऊन नुसताच फिरत राहतो. बिजागरीसाठी क्लच असलेले, म्हणजे ठरावीक जोर लागला की पिळणे थांबवणारे, ड्रिल घ्यावे. त्याच्या मानेवरच्या आकड्यांची कडी आधी कमीवर ठेवावी, स्क्रू बसेना तर एकेक घर वाढवावे.

आरसीसी बीम किंवा स्लॅबमध्ये भोक पाडायचे तर यातले काहीच नको. एसडीएस बिटचा (दांड्यावर खाचा असलेल्या बिटचा) रोटरी हॅमरच लागतो. त्यात दट्ट्या हवेच्या दाबाने ठोका देतो, आणि हॅमर ड्रिलने पाच मिनिटे घाम काढलेले 8 मिलिमीटरचे भोक त्याला काही सेकंदांचे असते. घरात एखाद-दुसरा पडदा लावणाऱ्याने त्यासाठी महागडे कॉर्डलेस घेऊ नये; वायरवरचा स्वस्त रोटरी हॅमर तेच काम करतो.

ब्रशलेस मोटर असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. तिच्यात घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसतात, त्यामुळे उष्णता कमी आणि तीच बॅटरी जास्त काम देते.

खरा प्रश्न खाचेचा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, आणि पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बसत नाही: बॉशची निळ्या मशीनची 18 व्होल्टची बॅटरी हिरव्या मशीनला चालत नाही, मकिताच्या 18 व्होल्टच्या मशीनला 40 व्होल्टची चालत नाही. पहिल्या संचातल्या दोन बॅटऱ्या आणि चार्जर ही वेसण असते; नंतरची मशीने ‘सोलो’, म्हणजे नुसते मशीन, घेतली की स्वस्त पडतात. म्हणून आज ड्रिल हवे असले तरी त्याच खाचेवर उद्या लागणारी करवत, ब्लोअर, दिवा मिळतो का, आणि आपल्या गावाजवळ सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी पाहावे. ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच बिननावाच्या मशीनना मकिताच्या 18 व्होल्ट बॅटरीसारखाच खाचा असतो. एक प्रकारे तो बाजाराचा सामाईक खाचाच झाला आहे. एका कंपनीची बॅटरी दुसरीकडे बसवणारे अडॅप्टरही मिळतात. काही कंपन्यांत बॅटरी फार उतरू नये ही राखण मशीनमधला बोर्ड करतो. अडॅप्टर मधे आला की हा राखणदार गायब होतो आणि बॅटरी पार तळाला जाऊन मरते.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला घेण्याचा फायदा भावापेक्षा हाताळणीचा आहे. मशीन बॅटरीसह हातात धरून पाहावे, चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, फिरवून बिट डुलते का ते बघावे, आणि बिलावर बॅटरीचा नंबर लिहून घ्यावा, कारण बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा मशीनपेक्षा कमी असते.

आपल्याकडचा वापर

युरोपात कॉर्डलेस सोय म्हणून पसरले. इथे त्याला आणखी एक कारण मिळाले. नव्या इमारतीत मीटर यायच्या आधीच फर्निचर, ग्रिल आणि एसीची कामे सुरू होतात, आणि तिसऱ्या मजल्यावर वीज नेणारे एक्स्टेन्शन बोर्ड जागोजागी चिकटपट्टी लावलेले असतात. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अशी वायर ओढण्यापेक्षा 18 व्होल्टची बॅटरी कितीतरी सुरक्षित. छतावर सोलर पॅनेल बसवणारे, पंक्चरवाले, मांडववाले असे नवे गिऱ्हाईकही आहे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या हंगामात बॅटरीची कात्री दिसते. दिवसभर हात आवळून छाटणाऱ्याच्या मनगटाला तिचे मोल कळते. तिचे पाते बोट आणि फांदी यांत फरक करत नाही, म्हणून फांदी धरणारा दुसरा हात कुठे आहे याकडे सारखे लक्ष लागते.

लिथियमला सर्वात वाईट आपला उन्हाळा. बहुतेक सेल 45 अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात, आणि अकोला-चंद्रपूरला मे महिन्यात सावलीतच तेवढे भरते. गच्चीवर काम करून तापलेली बॅटरी चार्जरवर ठेवली की दिवा लुकलुकतो पण चार्जिंग सुरू होत नाही; ‘चार्जर गेला’ म्हणून कित्येक चांगले चार्जर असे परत येतात. बॅटरी निवेपर्यंत तो थांबलेला असतो. तिला पंख्याखाली ठेवावे, फ्रिजमध्ये कधीही नाही. बाहेर काढताच आत दव धरते. कोकणात आणि गोव्यात दुखणे वेगळे: दमट, खारट हवेने टर्मिनलवर हिरवट थर येतो, मशीन मधेच बंद पडते. कोरड्या ब्रशने खाचा साफ केला तर बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

महिना-दोन महिने काम नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवावी. पूर्ण भरून गरम जागी ठेवलेली हळूहळू म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवलेली एक दिवस चार्जच घेत नाही. खिळे-स्क्रूच्या डब्यात उघडी बॅटरी टाकणे सर्वात धोक्याचे, कारण एखादा स्क्रू दोन टर्मिनलांत आडवा पडला की पुरे. नव्या बॅटरीबरोबर येणारी प्लॅस्टिकची टोपी लोक पहिल्याच दिवशी फेकतात, ती याचसाठी असते.

मेलेली बॅटरी पुष्कळदा एकाच सेलमुळे मरते. पाचांतला एक मागे पडला की बोर्ड सगळ्यांना थांबवतो. सेल बदलून देणारे कारागीर आहेत, पण त्यांना विचारायचा प्रश्न एकच: सेल कुठले? जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल दिसायला तेच, पण हत्यार मागते तेवढा प्रवाह द्यायला ते बनलेले नसतात आणि तापतात. फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी दुरुस्त करू नये. टर्मिनलवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याच्या गाडीवर लोखंडाखाली ती चेपली तर तिथेच पेट घेऊ शकते.

परगावी कामाला विमानाने जाणाऱ्या कारागिरांना मशीन आणि बॅटरीची ताटातूट करावी लागते: ड्रिल चेक-इन सामानात, सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची 90 ची बॅटरी आत बसते, 6 ची 108 ची परवानगीशिवाय बसत नाही. बॅटरीवरचा तो आकडा सिमेंटने माखून पुसला गेला असेल, तर घरून निघण्याआधी ओल्या फडक्याने वाचण्याजोगा करून ठेवावा.