सातबाऱ्यावर तीस नावं आणि वाशीहून आलेली उचल: कोकणच्या हंगामी भांडवलाची पार्श्वभूमी

हापूसच्या बागेतला पैसा बाहेर जायला लागतो जुलैत आणि परत येतो मार्च ते मे या तीन महिन्यांत. मधल्या काळात खतं, कल्टार (दरवर्षी मोहोर यावा म्हणून द्यायचं रसायन), पालवी आणि मोहोरावरच्या फवारण्या, राखणीला ठेवलेल्या गुरख्यांचा पगार, लाकडी पेट्या, पेंढा, काढणीची मजुरी असा खर्च एकामागून एक उभा राहतो. जानेवारीत मोहोरावर तुडतुडे किंवा फुलकिडे आले तर फवारणी चार दिवसांत व्हावी लागते, त्यासाठी बँकेची मंजुरी यायची वाट बघून चालत नाही. म्हणून बागायतदार वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाला फोन करतो. पैसे येतात आणि त्याच फोनवर एप्रिलचा मालही बांधला जातो.

धरा की ऑक्टोबरात २ लाखांची उचल घेतली आणि मेमध्ये हिशेब मिटला. उचलीवर व्याज नाही, असं दोघंही सांगतात. पण माल दुसरीकडे नेता येत नाही, आणि त्यामुळे पेटीमागे समजा १०० रुपये कमी पडले, तर ५०० पेट्यांवर ५०,००० रुपये गेले. सात महिन्यांसाठी शेकडा २५. हीच रक्कम किसान क्रेडिट कार्डावर घेऊन वेळेत फेडली, तर सवलतीनंतरच्या ४ टक्के दराने व्याज ४,७०० रुपयांच्या आत राहतं. एवढा फरक समोर दिसत असताना माणूस महागडा रस्ता का धरतो? बागायतदाराला हिशेब कळत नाही, हे उत्तर शहरात बसून फार सोपं वाटतं. तो कळतो. अडचण कागदाची आहे, आणि कागद असा का झाला हे पाहायला खोतीपर्यंत मागे जावं लागतं.

रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत होता. तो गावाचा सारा भरायचा आणि कुळांकडून वसूल करायचा. खोतीचे हक्क वारसांत तक्षिमांनी वाटले जात. जमीन प्रत्यक्ष तुटायची नाही, पण हिस्से पडत जायचे आणि गावाचा कारभार पाळीपाळीने एकेका तक्षिमदाराकडे यायचा. १८८० च्या खोती कायद्याने या व्यवस्थेला नियमांत बसवलं. त्याविरुद्धचा राग अलिबागजवळच्या चरीच्या संपात दिसला. नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने तो १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चालला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्याआधीच्या वर्षी कूळकायदा आला होता आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाला कसणारी कुळं कायद्याने मालक ठरली.

जमीन कुळाच्या नावावर आली, पण ती एका माणसाच्या नावावर राहिली नाही. घरातला एक भाऊ गावात, बाकीचे गिरणगावात. बाप गेला की वारसनोंद व्हायची, वाटप व्हायचं नाही. मुंबईच्या भावाला दहा गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, तोडून घेऊन करायचं काय, आणि हक्क सोडायचा तरी कशाला? दोन पिढ्यांत एका गटावर वीस-तीस नावं जमतात. त्यांतली काही माणसं हयात नसतात, काहींचा पत्ता कुणाला ठाऊक नसतो. बागेची किंमत लाखांत असते, पण ती गहाण ठेवायची तर इतक्या जणांची संमतीपत्रं गोळा करावी लागतात. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो दे सोतो यांनी अशा मालमत्तेला मृत भांडवल म्हटलं. मालमत्ता आहे, पण कागद धड नसल्याने तिच्यावर कर्ज उभं राहत नाही. त्यांचा भर शहरी वस्त्यांवर होता. कोकणात कागद आहे, उलट त्यावर नावंच फार आहेत.

देशपातळीवर या प्रश्नाची पहिली मोठी मोजणी रिझर्व्ह बँकेच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने केली. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ मध्ये आला. समितीवर धनंजयराव गाडगीळही होते. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के, सरकारचा ३.३ आणि व्यापारी बँकांचा ०.९ टक्के निघाला. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून ७० टक्क्यांच्या आसपास. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा, म्हणजे पन्नास वर्षांची ही कमाई. सहकार फसला आहे, पण तो यशस्वी झालाच पाहिजे, असा समितीचा निष्कर्ष होता. त्यातूनच १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि सहकारी संस्थांत सरकारी भागभांडवल आलं. घाटावर ते उसाच्या आधाराने वाढलं. साखर कारखाना गावच्या सहकारी पतसंस्थेची, म्हणजे सोसायटीची, वसुली उसाच्या बिलातूनच कापून घेतो, त्यामुळे कर्ज देणारा निर्धास्त असतो. आंब्याला असा कारखाना नाही. पेटी कुठल्याही गाडीतून कुठेही जाते आणि बिलातून कापून घेण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तो एकटा दलाल. सोसायटी कोकणात मागे का राहिली याची कारणं कोकणी माणसाच्या स्वभावात शोधण्याची जुनी हौस आहे. ती सोडून वसुलीची ही साखळी पाहावी.

त्या काळात कोकणाची खरी बँक म्हणजे पोस्टमन. गिरणीतल्या पगारातून येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चालायचं, देणी फिटायची, कलमंही लागायची. मुंबईत गावकऱ्यांच्या खोल्यांत भिशी चालायची. दर महिन्याला ठरलेली रक्कम गोळा करायची आणि ती पाळीने एकाला द्यायची. जगभरातल्या अशा पाळीच्या बचतगटांवर क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ मध्ये आणि शर्ली आर्डनर यांनी १९६४ मध्ये लिहिलं. बेस्ली, कोट आणि लाउरी यांनी १९९३ मध्ये त्यांचं गणित मांडलं: छत, म्हैस, शिलाई मशीन अशी एकरकमी खरेदी एकट्याच्या बचतीपेक्षा भिशीमुळे लवकर होते. भिशी हंगामी खर्चाला मात्र फारशी उपयोगी नाही, कारण आंब्याच्या गावात सगळ्यांनाच पैसे एकाच महिन्यात लागतात. गिरणगावात प्रत्येकाची गरज वेगळ्या महिन्यात यायची आणि पगार दर महिन्याला, म्हणून ती तिथे टिकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरीचा ओघ आटला. परतलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी बाग आणि होडीकडे धंदा म्हणून पाहायला सुरुवात केली ती याच काळात.

बँका तोवर आल्या होत्या. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७७ पासून नियम आला की बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडा. तो १९९० पर्यंत चालला. बर्जेस आणि पांडे यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार या नियमामुळे ग्रामीण दारिद्र्य कमी झालं. मात्र शाखा आली म्हणजे कर्ज आलं, असं कोकणात झालं नाही. मुंबईच्या कमाईतून ठेवी येत गेल्या, तारण असलेला कर्जदार सापडेना. स्टिग्लिट्झ आणि वाइस यांनी १९८१ मध्ये दाखवलेली गोष्ट इथे लागू पडते: जोखीम नीट कळत नसेल तर बँक व्याज वाढवत नाही, ती कर्जच नाकारते. वाढीव व्याजाला तयार होणारा गिऱ्हाईक बहुधा जास्त जोखमीचा असतो, हे तिला ठाऊक असतं. दलालाला तो प्रश्न पडत नाही. कुणाच्या बागेत किती मोहोर आलाय हे त्याला माणसं पाठवून कळतं.

१९९०-९१ मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. शंभर टक्के अनुदानावर वरकस जमिनीत आंबा-काजूची कलमं लागली. लागवडीचं भांडवल असं सरकारने दिलं. खेळतं भांडवल कुणी द्यायचं, हा प्रश्न काही वर्षांनी कलमं धरायला लागल्यावर पुढे आला. ते ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी बाग कराराने दुसऱ्याला दिली.

या करारात काय बिघडतं ते कल्टारवरून नीट दिसतं. हापूस एक वर्षाआड धरतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल द्यायचं असतं: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला कल्टारसारखं द्रावण ३ मि.ली. दहा मीटर विस्ताराच्या कलमाला ३० मि.ली. ते पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार खड्डे पहारीने मारून त्यांत सारखं ओतायचं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी खोडाभोवतीचं गवत काढायचं, पाऊस कोसळत असताना ओतायचं नाही, आणि दरवर्षी धरणाऱ्या झाडाला खतही वाढवून द्यायचं. करार दोन-तीन वर्षांचा असला की खताचा खर्च करारदाराच्या अंगावर येतो आणि फायदा पुढच्या माणसाला जातो. म्हणून काही करारदार खत टाळतात आणि कल्टारची मात्रा दुप्पट करतात. पालव्या आखूड येतात, पेरं जवळ येतात, मोहोर गुच्छासारखा गच्च होतो, आणि करार संपतो तेव्हा मालकाच्या हाती दमलेलं कलम उरतं.

शेतीतल्या अशा गुंतलेल्या व्यवहारांवर अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये लिहिलेला लेख फार गाजला. पश्चिम बंगालच्या खेड्यांवरून त्यांनी मांडलं, की जमीनदारच सावकार असेल तर तो नवं तंत्र येऊ देणार नाही. कुळाचं उत्पन्न वाढलं की त्याचं कर्ज फिटेल. कोकणात उलटं घडलं. इथला पैसेवाला नवं तंत्र घेऊन आला आणि त्याने ते गरजेपेक्षा जास्त वापरलं, कारण त्याचा जीव पिकात अडकलेला असतो, झाडात नाही. हा फरक संशोधकांनी अजून नीट तपासायला हवा.

मासेमारीतही हीच गाठ आहे, फक्त वेग जास्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत इंजिन खोलायचं, जाळी भरायची, होडीला रंग द्यायचा, खलाशांना पुढच्या हंगामासाठी आगाऊ रक्कम द्यायची, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीसाठी डिझेल-बर्फ. हे पैसे लिलाव करणारा किंवा खरेदीदार व्यापारी देतो आणि मासळी त्याच्याकडेच उतरते. तमिळनाडूत फायबरच्या होड्या आल्या तेव्हाही पैसा लिलाव करणाऱ्यांनीच पुरवला. गिने आणि क्लोनर यांच्या अभ्यासात दिसलं की गाठीशी थोडं असणाऱ्यांनी होड्या आधी घेतल्या. केरळात मोबाईल आल्यावर मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासे ४ टक्के स्वस्त पडले, हा रॉबर्ट जेन्सन यांचा २००७ चा निष्कर्ष कोकणातही हौसेने सांगितला जातो. पण माल आधीच बांधलेला असेल, तर शेजारच्या बंदरातला चढा भाव फोनवर ऐकून होडीवाल्याने करायचं काय?

बचतगटांचं कर्ज हा या कोंडीतून निघालेला सगळ्यांत प्रामाणिक प्रयत्न. नाबार्डने १९९२ मध्ये गट आणि बँक जोडण्याचा प्रयोग सुरू केला. इथे तारण जमिनीचं नाही, गटाचं. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, त्या रत्नागिरीत तो रुजला यात नवल नाही. अडचण हप्त्यांत येते. कोकम एप्रिल-मेमध्ये विकत घ्यायचं, आगळ आणि आमसुलं विकायची वर्षभर, आणि मासिक हप्ता सुरू होतो लगेच. कोलकात्यात फील्ड, पांडे आणि सहकाऱ्यांनी काही कर्जदारांचा पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यांचा नफा वाढलेला दिसला, आणि थकबाकीही. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. थकबाकीमुळेच बँका हप्ता लांबवायला तयार होत नाहीत.

काजूला भांडवल सगळ्यांत जास्त लागतं. साधारण ४ किलो बीतून १ किलो गर निघतो. बी मिळते मार्च ते मे, कारखाना मात्र वर्षभर चालवायचा. दिवसाला १०० किलोचा छोटा कारखाना ३०० दिवस चालवायचा तर ३० टन बी साठवावी लागेल. किलोला १२० रुपये धरले तर ३६ लाख रुपये नुसते गोदामात. एवढा पैसा नसलेला कारखानदार दोन-तीन महिन्यांची बी घेतो आणि पावसाळ्यात आयात बी किंवा टाळं यांतलं एक निवडतो. त्यातही बी नीट वाळवलेली नसेल तर साठ्यात गर काळा पडतो आणि तारण घटत जातं.

बीवाल्या शेतकऱ्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी घ्यायचं आणि भाव आला की विकायचं. योजना फक्त उत्पादकासाठी असल्याने माल स्वतःचा आहे हे दाखवायला सातबारा लागतोच. किसान क्रेडिट कार्ड १९९८-९९ मध्ये आलं, २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळू लागलं, आणि विनातारण मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांवर गेली. गहाणखताची कटकट त्यामुळे छोट्या बागायतदारापुरती टळली. तरी बाग कसतो कोण आणि नाव कुणाचं, हा प्रश्न शाखेत विचारला जातोच.

त्यावरचा कायदेशीर रस्ता जुनाच आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहहिस्सेदार वाटपाचा अर्ज करू शकतात. आधी मयतांच्या वारसनोंदी, मग वाटप, मोजणी आणि शेवटी फेरफार, याच क्रमाने. वारसनोंदी अर्ध्या ठेवून अर्ज केला की तो तिथेच अडकतो. सगळ्यांची सही मिळत नसेल तर निदान कसणाऱ्याने दर हंगामात ई-पीक पाहणी करावी. २०२१ पासून ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करायची असते आणि सामायिक खात्यातला हिस्सेदार आपल्या वहिवाटीतल्या क्षेत्राची नोंद करू शकतो. त्याने मालकी सिद्ध होत नाही, पण कलमं कोण राखतो याची नोंद वर्षागणिक साठत जाते आणि फळपीक विम्याच्या वेळी ती उपयोगी पडते.