लायका एम८ आणि एम९ : सेकंडहँड बाजारात भाव कशावर ठरतो

लायका कंपनीचे एम८ आणि एम९ हे दोन डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरे (वेगळ्या खिडकीतून पाहून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचे कॅमेरे) इतके सारखे दिसतात की जाहिरातीतल्या फोटोवरून अनेकांची गफलत होते. ओळखायची खूण वरच्या बाजूला आहे. एम८ वर उरलेले फोटो आणि बॅटरी दाखवणारी छोटी गोल खिडकी असते. एम९ वर ती नाही आणि वरचा भाग एका टोकाला पायरीसारखा खाली उतरलेला असतो. अमेरिकेत एम८ २००६ मध्ये ४,७९५ डॉलरना, तर एम९ २००९ मध्ये ६,९९५ डॉलरना विक्रीला आला. आजही एम९ महागच आहे, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, ३५ मिमी फिल्मच्या पूर्ण चौकटीएवढा आहे. एम८ चा सेन्सर त्याहून लहान असल्यामुळे त्यावर ३५ मिमीची लेन्स साधारण ४७ मिमीसारखी वागते, म्हणजे दृश्याचा कमी भाग टिपते.

एम८ चा भाव पाडणारा दोष सर्वश्रुत आहे. त्याचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण पुरेसे अडवत नाही, त्यामुळे काळे कृत्रिम कापड जांभळट दिसते. कंपनीने खरेदीदारांना हे किरण अडवणारे, लेन्सवर बसवायचे दोन फिल्टर मोफत दिले होते. त्यापुढच्या प्रत्येक लेन्ससाठी मात्र फिल्टरचा खर्च स्वतःच धरावा लागतो. तरीही हा दोष पहिल्याच फोटोत दिसतो आणि वर्षागणिक वाढत नाही, म्हणून मला एम८ चा भाव अधिक प्रामाणिक वाटतो.

एम९ चे तसे नाही. त्याच्या सेन्सरवरच्या संरक्षक काचेला ओलाव्यामुळे गंज चढतो, आणि फोटोत कडेला वलय असलेले गोल डाग उमटतात. २०१४ पासून कंपनीने असे सेन्सर मोफत बदलून दिले, परंतु २०१७ मध्ये ही सरसकट सवलत थांबली आणि पुढे बदलण्यासाठी नवे सेन्सरच मिळेनासे झाले. परिणामी बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन एम९ मध्ये, सुधारित सेन्सर बसवल्याची सर्व्हिसची पावती असलेल्याला बराच जास्त भाव मिळतो, आणि तो मिळणे रास्तच आहे. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत राहिलेला कॅमेरा घेताना तर ही चौकशी टाळूच नये.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र अगदी लहान ठेवून) काढलेला निरभ्र आकाशाचा फोटो मूळ फाइलच्या स्वरूपात मागवावा आणि तो पूर्ण आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. धुळीचा ठिपका ब्लोअरने हवा मारल्यावर जागा बदलतो किंवा निघून जातो. गंजाचा डाग जागचा हलत नाही. एम८ घेताना हाच वेळ मागचा स्क्रीन तपासण्यात घालवावा, कारण त्यावर कॉफीसारखे तपकिरी डाग पडू लागले असतील तर बदलीचा स्क्रीन मिळणे फार कठीण आहे.