स्वयंसेवी शुश्रूषा आणि कल्याणकारी राज्य

आजारी, अपंग किंवा वृद्ध माणसाची विनावेतन देखभाल. ती पुण्यकर्म समजायची, हौसेची मदत समजायची की सरकारने टाळलेले काम, हे देशागणिक बदलते. डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० मध्ये कल्याणव्यवस्थांचे तीन प्रकार मांडले : बाजारावर भिस्त ठेवणारा उदारमतवादी, कुटुंबावर भिस्त ठेवणारा परंपरानिष्ठ आणि सरकारवर भिस्त ठेवणारा सामाजिक-लोकशाहीवादी. ही चर्चा बहुधा त्यांच्याच आधाराने चालते.

सामाजिक-लोकशाहीवादी स्वीडनमध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालणे, औषध देणे हे नगरपालिकेच्या पगारी माणसांचे काम. स्वयंसेवा तिथेही भरपूर, पण ती मुख्यतः क्रीडा आणि सांस्कृतिक मंडळांत. आजाऱ्याकडे जायचे ते सोबतीला, गप्पांना. परंपरानिष्ठ प्रकारातल्या जर्मनीत भार कुटुंबावर आणि चर्चशी जोडलेल्या संस्थांवर. १९९५ पासूनच्या शुश्रूषा विम्यातून घरच्या देखभालीसाठी रोख रक्कमही घेता येते. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, पण रोख रक्कम नाकारली : पैसे दिले की सून घरात आणखी जखडली जाईल, असा तिथल्या महिला संघटनांचा आक्षेप होता. हा आक्षेप नाशिकमध्ये कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

नाशिकच्या सरकारी रुग्णालयात सुरगाणा-पेठहून रुग्ण आणला की पहिला प्रश्न, ‘पेशंटजवळ कोण थांबणार?’ थांबते ती बायको, मुलगी नाहीतर सून. सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे, कूस बदलणे, भांडे देणे, सगळे तिच्याकडे. आईवडिलांना सांभाळणे मुलांना २००७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. सांभाळणारीला मोबदला किंवा चार दिवस विसावा मिळावा, अशी तरतूद त्यात नाही. बाहेरची मदत येते ती अन्नदानाची, रक्तदानाची. सिंहस्थात तर मदतीला हात कमी पडत नाहीत. परक्या माणसाची जखम रोज धुवायला मात्र सहसा कुणी येत नाही. केरळात ही उणीव काही अंशी भरून निघाली. कोझिकोडमध्ये १९९३ पासून सुरू झालेल्या उपशामक सेवेतून, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या देखभालीतून, शेजारपाजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक घरी जाऊ लागले आणि २००८ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरणच आखले. तिथे स्वयंसेवकाच्या पाठीशी पगारी परिचारिका असते, हा फरक मोलाचा आहे.

याउलट २००५ पासूनच्या आशा योजनेत बाईला पदनामच ‘स्वयंसेविका’ दिले गेले. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर पाड्यावरच्या घरी ४२ दिवसांत सहा खेपा घालायच्या, बाळाचे वजन करायचे, ताप बघायचा, नोंद भरायची. खेपा पुऱ्या झाल्यावर केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. ही नोकरीच आहे आणि तिला पगार हवा. अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला. त्या निकालात आशा नव्हत्या.