पार्श्वभूमी : चीनला ‘विकसनशील’ हा दर्जा का सोडवत नाही?

चीनचे पंतप्रधान ली छियांग यांनी २३ सप्टेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक घोषणा केली. जागतिक व्यापार संघटनेच्या यापुढच्या वाटाघाटींत चीन विकसनशील देशांसाठीच्या नव्या सवलती मागणार नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष शी जिनपिंग यांनी हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०३५पर्यंत शिखर पातळीपेक्षा ७ ते १० टक्क्यांनी खाली आणण्याचे लक्ष्य दिले. एकूण उत्सर्जन घटवण्याचा आकडा चीनने पहिल्यांदाच दिला. ‘विकसनशील देश’ हा दर्जा मात्र आपण सोडलेला नाही, हेही बीजिंगने ठासून सांगितले. जगातली दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था हा दर्जा इतका जपते, याची मुळे पन्नासहून अधिक वर्षे मागे जातात.

ऑक्टोबर १९७१मध्ये चीनची संयुक्त राष्ट्रांतली जागा तैवानकडून कम्युनिस्ट सरकारकडे आली. त्यानंतर चीन ज्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदांना गेला, त्यांपैकी एक म्हणजे जून १९७२ची स्टॉकहोमची पर्यावरण परिषद. पूर्व जर्मनीला निमंत्रण नाही म्हणून सोव्हिएत संघाने बहिष्कार घातला होता, त्यामुळे चीनला मैदान मोकळेच मिळाले. थांग के यांच्या शिष्टमंडळाने जवळपास तयार झालेला जाहीरनाम्याचा मसुदा पुन्हा उघडायला लावला, व्हिएतनाममधल्या युद्धावरून अमेरिकेला धारेवर धरले आणि प्रदूषणाचे खापर साम्राज्यवादावर फोडले. गरिबीकडे दुर्लक्ष करून पर्यावरणाच्या गप्पा मारता येणार नाहीत, हा मुद्दा याच व्यासपीठावर इंदिरा गांधींनीही मांडला. त्यांचे भाषण आपल्याकडे अजून आठवले जाते, चीनचे फारसे नाही.

गंमत अशी, की त्याच सुमारास घरी बीजिंगला पाणी पुरवणाऱ्या क्वांथिंग जलाशयातले मासे प्रदूषणाने दूषित झाले होते आणि पंतप्रधान चौ एन-लाय यांना चौकशी लावावी लागली होती. ऑगस्ट १९७३मध्ये चीनची पहिली राष्ट्रीय पर्यावरण परिषद भरली. बाहेर साम्राज्यवाद्यांना झोडायचे आणि घरी निमूटपणे कामाला लागायचे, ही दुहेरी चाल पुढेही अनेकदा दिसते.

१९९१मध्ये बीजिंगने ४१ विकसनशील देशांच्या मंत्र्यांना बोलावून पुढच्या वर्षीच्या रिओ पर्यावरण परिषदेआधीच भूमिका पक्की करून घेतली. रिओत ‘सामायिक पण भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व मान्य झाले. ज्यांनी दीडशे वर्षे धूर सोडला त्यांनी आधी भरपाई करावी, असा त्याचा रोख. उत्सर्जन कमी करण्याच्या १९९७च्या क्योटो करारात चीनवर कसलेच बंधन आले नाही, उलट त्यातल्या कार्बन क्रेडिटच्या (म्हणजे वाचवलेल्या उत्सर्जनाच्या) बाजारात सर्वात मोठा विक्रेता चीनच ठरला. दर्जा जपण्यामागे निव्वळ तत्त्वनिष्ठा आहे, हे म्हणूनच पटत नाही.

२००६-०७च्या सुमारास चीनने उत्सर्जनात अमेरिकेला मागे टाकले आणि जुन्या भूमिकेवर ताण आला. तो उघडा पडला कोपनहेगनच्या हवामान परिषदेत. १८ डिसेंबर २००९च्या संध्याकाळी बराक ओबामा चीनचे तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओंना भेटायला निघाले, तर वेन यांच्यासोबत मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा आधीच बसलेले. ओबामा तसेच आत शिरले आणि तिथेच तडजोडीचा मसुदा ठरला. देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बेसिक’ म्हणून ओळखली जाणारी ही चौकडी महिनाभरापूर्वीच बीजिंगमध्ये जमली होती. भारतालाही ही आघाडी सोयीची होती, कारण चीनच्या आडोशाने आपल्यावरचा दबाव कमी होई. २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळसा ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याची दुरुस्ती भारताने मांडली, तेव्हाही चीन त्याच बाजूला होता.

कोपनहेगनमध्ये करार अडवल्याचा ठपका चीनवर आला, त्या बदनामीनंतर त्याने सूर बदलला. २०१३च्या जानेवारीत बीजिंग धुरक्यात गुदमरले, तेव्हा घरचा दबावही वाढला. २०१४मध्ये ओबामांबरोबर संयुक्त घोषणा झाली, २०१५मध्ये पॅरिस करार झाला आणि २०२०मध्ये शी यांनी २०६०पूर्वी कार्बन तटस्थतेचे, म्हणजे जितका कार्बन सोडू तितका शोषून घेण्याचे, वचन दिले. २०२२मध्ये मॉन्ट्रियलला जैवविविधतेचा करार झाला, त्या परिषदेचे अध्यक्षपदही चीनकडेच होते.

दुसरीकडे, २०१३मध्ये सुरू झालेल्या ‘बेल्ट अँड रोड’ या परदेशांतल्या पायाभूत प्रकल्पांच्या चिनी योजनेच्या काळात चिनी पैशांवर पाकिस्तानात साहिवाल आणि बांगलादेशात पायरा येथे कोळशाची वीजकेंद्रे उभी राहिली. परदेशात नवे कोळसा प्रकल्प बांधणार नाही, असे शी यांनी सांगितले ते सप्टेंबर २०२१मध्ये. त्याच भाषणात संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांना जोडून ‘जागतिक विकास उपक्रम’ जाहीर झाला. देशांतर्गत कोळशाबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

आता सौर पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. गरीब देशांना हवामान बदलाशी लढण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हवामान निधीत मात्र चीनला सक्तीने नव्हे, स्वेच्छेने पैसे द्यायचे आहेत. २०२४मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांच्या पुढाकाराने वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे ठरले, तेव्हा विकसनशील देशांची मदत ऐच्छिक ठेवण्यात आली. त्या परिषदेत चीनने २०१६पासून दिलेल्या मदतीचा आकडा सांगितला : १७७ अब्ज युआन. अटी मात्र चीन स्वतःच ठरवणार.