हवेतून पडणारी वस्तू : एका वजाबाकीचा इतिहास

पडणाऱ्या वस्तूवरचं निव्वळ बल काढायचं तर वजनातून हवेचा रोध वजा करायचा, बस्स. वजन काढणं सोपं. घोडं अडलं ते रोधापाशी, आणि चांगलं अडीचशे वर्षं अडलं.

गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हा रोध समजूनउमजून बाजूला ठेवला; त्याखेरीज त्याला तोफगोळ्याच्या मार्गाचा स्वच्छ परवलय मिळाला नसता. पण पडणारी वस्तू पुरेशा उंचीवरून आली तर शेवटी एकाच वेगाने खाली येते, हे त्याने ओळखलं होतं. रोध वजनाइतका झाला, निव्वळ बल शून्य झालं, असं आज आपण म्हणतो.

रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे हायगेन्सने प्रयोगांतून ताडलं आणि न्यूटनने 1687 मध्ये त्याला गणिती बैठक दिली. 1710 मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटातून, 220 फुटांवरून, काचेचे पोकळ गोळे सोडले गेले. पारा भरलेले सुमारे 4 सेकंदांत खाली आले, नुसती हवा असलेल्यांना 8 सेकंदांहून जास्त लागले.

यापुढचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं, आणि ते मला खटकतं. बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये एका जड लंबकावर बंदुकीच्या गोळ्या झाडल्या. लंबक किती झुलला यावरून गोळीचा वेग काढायचा. मग लंबक आणखी दूर ठेवून वाटेत किती वेग गेला ते पाहायचं. सेकंदाला 1,600-1,700 फूट वेगाच्या गोळीवरचा रोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक निघाला! तिथे वजाबाकीत वजनच नगण्य. शिवाय ध्वनीच्या वेगाच्या आसपास वर्गाचा नियम टिकत नाही, हेही त्याला दिसलं.

इकडे द'अलेंबेरने 1752 मध्ये आदर्श, घर्षणहीन द्रवाचं गणित मांडलं, तर रोध चक्क शून्य आला. हा पेच सुटायची वाट 1904 मध्ये सापडली. वस्तूला चिकटलेल्या हवेच्या पातळ थरात घर्षण महत्त्वाचं ठरतं आणि तो थर सुटून मागे भोवरे उठतात, हे लुडविग प्रांटलने दाखवलं.

आजचं सूत्र असं: रोध = ½ × हवेची घनता × वेगाचा वर्ग × समोरचं क्षेत्रफळ × रोध गुणांक. बाकीचं मोजता येतं. गुणांक, म्हणजे वस्तूच्या आकारानुसार प्रयोगातून काढायचा आकडा, मात्र लबाड. 1912 मध्ये आयफेलला (पॅरिसच्या मनोऱ्याचा तोच अभियंता) गोलासाठी तो जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथल्या प्रांटलच्या प्रयोगशाळेच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाला. दोघांची मोजणी बरोबर होती. आयफेलने जास्त वेगाला मोजलं होतं. तिथे हवेचा तो पातळ थर प्रक्षुब्ध होतो, म्हणजे त्यातला प्रवाह अस्ताव्यस्त घुसळतो, गोलाला जास्त वेळ धरून राहतो आणि मागचे भोवरे आक्रसतात. प्रांटलने मग कमी वेगालाच गोलावर बारीक तारेचं कडं चढवलं. गोल खडबडीत झाला आणि रोध घटला.