चौकशीच्या खिडकीत बसलेली स्क्रिप्ट

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी इंटरनेटची व्यवस्था, समजावून सांगताना टेलिफोन डिरेक्टरीची उपमा द्यायची पद्धत आहे. नाव शोधा, शेजारी नंबर वाचा. पण डिरेक्टरी एकदा छापली की सगळ्यांना वर्षभर तेच उत्तर देते, आणि आजचं डीएनएस तसं वागत नाही. मला त्यापेक्षा एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी जवळची वाटते. स्वारगेटला जाऊन ‘कोल्हापूर गाडी कुठे लागते?’ म्हणून विचारा. आतला माणूस मान वर न करता ‘सात नंबर’ म्हणतो. तो तुम्हाला गाडीत बसवून देत नाही. तुम्हाला जागा मिळाली का, गाडी सुटली का, यातलं काही त्याला कळत नाही. तुमचा-त्याचा संबंध त्या दोन शब्दांपुरता.

ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचं नाव टाकलं की असंच होतं. त्या नावाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, नेमसर्व्हर नावाचा संगणक सांगतो आणि बाजूला होतो. पुढचा सगळा व्यवहार तुमचा फोन आणि त्या पत्त्यावरचा सर्व्हर यांच्यात थेट चालतो.

आता समजा, कोल्हापूरच्या दोन गाड्या लागल्या आहेत. खिडकीतला माणूस जरा चलाख असेल तर एकाला ‘सात’ सांगेल, पुढच्याला ‘आठ’. गर्दी विभागली जाईल. आणि सातवरची गाडी बंद पडली असेल तर तो सातचं नावच काढणार नाही. पहिल्या युक्तीला संगणकाच्या जगात लोड बॅलन्सिंग म्हणतात, दुसरीला फेलओव्हर. दोन्हींसाठी नेमसर्व्हरने वहीतली ओळ वाचून दाखवणं पुरत नाही. प्रश्न आला की त्याला एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे काही ओळींचा प्रोग्राम, चालवून उत्तर ठरवावं लागतं.

कल्पना जुनी आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली डीएनएसचा आराखडा मांडला, तेव्हा ते फक्त नावं आणि पत्ते सांभाळणारं होतं. पुढे एका नावाला तीन-चार पत्ते देऊन दर उत्तरात त्यांचा क्रम फिरवायची रीत पडली. बहुतेक प्रोग्राम यादीतला पहिला पत्ता धरतात, त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जाते. एप्रिल १९९५मध्ये रटगर्स विद्यापीठातल्या थॉमस ब्रिस्को यांनी याच विषयावर एक टिपण लिहिलं, ते इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत १७९४ क्रमांकाने आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या रोलंड शेमर्स यांनी एक पाऊल पुढे टाकलं. नुसता क्रम फिरवणं आंधळं असतं. कुठल्या मशीनवर किती ताण आहे हे त्याला दिसत नाही. शेमर्स यांनी पर्ल भाषेत एक नेमसर्व्हर लिहिला. त्याचा एक साथीदार प्रोग्राम विद्यापीठातल्या मशीनवर फेऱ्या मारायचा, कुठे किती जण लॉग-इन झालेत आणि मशीन किती दमलंय ते टिपायचा. पुढचा विद्यार्थी आला की सगळ्यांत मोकळ्या मशीनचा पत्ता त्याच्या हाती पडायचा.

आजची गोष्ट मुळात हीच आहे, साधनं तेवढी सुधारली. पॉवरडीएनएस नावाचा डच नेमसर्व्हर घ्या. त्याच्या २०१९मधल्या ४.२ आवृत्तीपासून पत्त्याच्या जागी थेट लुआ भाषेतली ओळ लिहिता येते. लुआ ही ब्राझीलमध्ये, रिओच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली छोटी, चपळ भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र, हे गोव्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. या ओळीचा मराठीत अर्थ काहीसा असा: ‘या दोन पत्त्यांपैकी ज्याचं ४४३ नंबरचं दार उघडं असेल, त्यातला एक सांग.’ ४४३ हे सुरक्षित वेबपानांचं ठरलेलं दार, त्याला पोर्ट म्हणतात. एवढ्या एका ओळीत फेलओव्हर आणि लोड बॅलन्सिंग दोन्ही आलं.

यातली मेख अशी की विचारणारा समोर उभा असताना स्क्रिप्ट उठून दार तपासायला जात नाही. तसं केलं तर प्रत्येक उत्तराला उशीर होईल आणि खिडकीपुढची रांग रस्त्यावर जाईल. तपासणीचं काम मागच्या बाजूला वेगळं चालू असतं. मूळ मांडणीत दर पाच सेकंदांनी एक फेरी होते आणि निकाल पाटीवर लिहिला जातो. स्क्रिप्ट फक्त पाटी वाचते. तासभर त्या पत्त्याची कोणी विचारपूसच केली नाही, तर फेऱ्या बंद. रिकाम्या फलाटावर कशाला हेलपाटे!

आणखी गमती करता येतात. नवा सर्व्हर जुन्याच्या तिप्पट ताकदीचा असेल तर त्याच्याकडे तिप्पट गिऱ्हाइकं वळवायची. किंवा विचारणाऱ्याच्या पत्त्यावरून असं गणित करायचं की तो पुन्हा आला तर त्याला त्याच सर्व्हरकडे पाठवलं जावं. नाहीतर एका सर्व्हरवर भरलेली खरेदीची टोपली दुसऱ्यावर रिकामी दिसायची.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. अडचण ‘चालू आहे’ या दोन शब्दांत आहे.

पोर्ट उघडं आहे याचा अर्थ इतकाच, की कोणीतरी दार उघडलं. आत दुकान चालू आहे का, हे त्यावरून कळत नाही. डेटाबेस झोपलेला असतो, प्रत्येक पानावर ‘क्षमस्व, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ झळकत असतं, आणि पोर्ट मात्र सताड उघडं. तपासनीस खूश, स्क्रिप्ट खूश, गिऱ्हाईक हैराण. म्हणून शहाणे लोक नुसतं दार ठोठावत नाहीत, एखादं पान मागवून त्यावर ठरलेला शब्द आलाय का ते बघतात. तो शब्दही असा, की डेटाबेस जागा असल्याखेरीज येणारच नाही.

याहून अवघड प्रश्न: तपासनिसाने पाटीवर सगळेच पत्ते ‘बंद’ लिहिले तर? आपलं पहिलं उत्तर असतं, मग काहीच सांगू नये. पण पाच ठिकाणचे पाच सर्व्हर एकाच क्षणी कोसळले, की तपासनिसाचीच नेटची वायर तुटली? बहुतेक वेळा दुसरंच. म्हणून पॉवरडीएनएस अशा वेळी गप्प बसत नाही, सगळ्या पत्त्यांतला एखादा उचलून देतो. माझ्या मते त्या सगळ्या रचनेतला हा सर्वांत शहाणा निर्णय आहे. आपल्याच डोळ्यांवर कधीकधी विश्वास ठेवू नये, हे त्यात आधीच लिहून ठेवलंय. शिवाय ‘असा पत्ता नाही’ हे उत्तरही इंटरनेट लक्षात ठेवतं. तशी सोय १९९८पासून नीट नियमबद्ध आहे. म्हणजे घाबरून एकदा ‘नाही’ म्हटलं, की सर्व्हर परत उभे राहिले तरी तो नकार काही काळ जगभर फिरत राहतो.

लक्षात ठेवण्याचा हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा, कारण स्क्रिप्टची निम्मी ताकद तिथेच गळते. तुमचा फोन नेमसर्व्हरला थेट विचारत नाही. मध्ये रिझॉल्व्हर असतो, बहुधा तुमच्या नेट कंपनीचा. गावाहून वीस जण आले आणि एकच जण खिडकीशी जाऊन विचारून आला, तसा तो. मिळालेलं उत्तर तो जपून ठेवतो आणि मागून येणाऱ्या सगळ्यांना तेच सांगतो. किती वेळ, हे नेमसर्व्हरने उत्तराबरोबर सेकंदांत लिहून दिलेलं असतं. त्या आकड्याला टीटीएल म्हणतात. ८६४०० लिहिलं तर चोवीस तास. सातवरची गाडी मधल्या काळात जळून खाक झाली तरी तो ‘सात’च सांगणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग टीटीएल कमी ठेवा! ठेवतातच, साठ सेकंद, तीस सेकंद. त्याची किंमत अशी की खिडकीवरची विचारणा कैक पटींनी वाढते, आणि खुद्द नेमसर्व्हर अडखळला तर जुन्या उत्तरावर वेळ मारून नेता येत नाही. त्यातून काही मंडळी सेकंदांकडे बघतच नाहीत. जावा भाषेत सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे प्रोग्रामवर पहारा ठेवणारी सोय, लावून चालवलेले जुने प्रोग्राम एकदा मिळालेला पत्ता बंद होईपर्यंत सोडायचे नाहीत. रात्री सर्व्हर बदलला, टीटीएल संपून गेला, आणि एक प्रोग्राम सकाळपर्यंत रिकाम्या फलाटावर उभा आहे, हे दृश्य या धंद्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल.

गर्दी वाटण्याचं गणितही इथेच बिघडतं. स्क्रिप्टने एकाला सात आणि एकाला आठ सांगितलं, अगदी समसमान. पण पहिला विचारणारा लाखो ग्राहकांच्या कंपनीचा रिझॉल्व्हर होता आणि दुसरा एखाद्या कॉलेजचा. सातवर चेंगराचेंगरी, आठवर सामसूम. जवळचा सर्व्हर सुचवणाऱ्या स्क्रिप्टची तीच तऱ्हा, कारण तिला रिझॉल्व्हरचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. पुण्यातल्या आयटी कंपनीतला माणूस फ्रँकफर्टमार्गे जाणाऱ्या ऑफिसच्या जोडणीवर बसला असेल, तर स्क्रिप्टच्या लेखी तो जर्मनीत राहतो. यावर एक तोड निघाली. रिझॉल्व्हरने मूळ विचारणाऱ्याच्या पत्त्याचा पुढचा भाग, साधारणपणे चार आकड्यांतले पहिले तीन, सोबत कळवायचा. गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर तसं करतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ करत नाही, कारण ग्राहक कुठला आहे हे आपण इतरांना का सांगावं, असं त्यांचं म्हणणं. दोघांचंही बरोबर आहे, आणि भोगतो स्क्रिप्ट लिहिणारा.

हे सगळं एका दिवसात, एका जागी पाहायला मिळालं ते २० ऑक्टोबर २०२५ला. आपल्याकडे नरक चतुर्दशी होती. अभ्यंगस्नान, फराळ उरकून लोक फोन घेऊन बसले होते. दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात, ॲमेझॉनच्या सर्वांत जुन्या क्लाउड केंद्रात, डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचं नाव रिकामं झालं. डेटाबेस धडधाकट होता. सर्व्हर चालू होते. फक्त ‘पत्ता काय?’ या प्रश्नाला उत्तर नव्हतं. स्नॅपचॅट, सिग्नल, कॅन्वा अशा जगभरच्या सेवा अडखळल्या.

ॲमेझॉनने नंतर जे सविस्तर सांगितलं, ते वाचण्यासारखं आहे. त्या सेवेसाठी एकेका केंद्रात लाखो डीएनएस नोंदी असतात. हाताने सांभाळणं अशक्य, म्हणून दोन प्रकारचे प्रोग्राम कामाला लावलेले. एक प्लॅनर. तो कुठले पत्ते द्यायचे, कुणाला किती वजन, याचा आराखडा सतत नव्याने बनवतो. दुसरा एनॅक्टर. तो आराखडा प्रत्यक्ष नोंदींमध्ये उतरवतो. एक पडला तर दुसरा असावा म्हणून एनॅक्टर तीन, एकमेकांपासून स्वतंत्र.

त्या दिवशी एक एनॅक्टर कशात तरी अडकून फार मागे पडला. त्याच्या हातात जुना आराखडा होता. ‘माझा आराखडा ताजा आहे ना?’ हे त्याने सुरुवातीला तपासलं होतं, पण तोवर तो निकालच शिळा झाला होता. दरम्यान दुसऱ्या एनॅक्टरने नवा आराखडा लावला आणि जुने आराखडे पुसायची सफाई सुरू केली. नेमक्या त्याच वेळी पहिला पोचला आणि त्याने नव्यावर जुना थापला. सफाईवाल्याने पाहिलं, हा तर कितीतरी पिढ्या मागचा आराखडा, आणि पुसून टाकला. वापरात असलेलाच आराखडा गेल्याने त्या नावाचे सगळे पत्ते एका झटक्यात नाहीसे झाले. वर मागे अशी विसंगत अवस्था राहिली, की कुठलाच एनॅक्टर नवीन काही लावू शकेना. शेवटी माणसांनी हाताने दुरुस्ती केली. दोन्ही प्रोग्राम आपापल्या नियमाने अगदी बरोबर वागले होते.

दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी सगळे पत्ते परत जागेवर आले. पण ग्राहकांना ते एकदम दिसले नाहीत. जगभरच्या रिझॉल्व्हरांनी जपून ठेवलेली उत्तरं मुदत संपून गळून पडेपर्यंत ३ वाजून १० मिनिटं झाली. ती पंधरा मिनिटं म्हणजे टीटीएल.

दिवस तिथे संपला नाही. डेटाबेसवर अवलंबून असलेली नवी मशीन सुरू करणारी यंत्रणा तुंबली. मशीन सुरू व्हायची, पण त्यांच्यापर्यंत नेटवर्कची माहिती उशिरा पोचायची. अशा अर्धवट मशीनना ॲमेझॉनच्या लोड बॅलन्सरचा तपासनीस कामावर घेऊ लागला. दार ठोठावलं, उत्तर नाही, लिहा ‘बंद’. पुढच्या फेरीला उत्तर आलं, लिहा ‘चालू’. पाटी सारखी पुसली जात होती, पत्ते डीएनएसमधून काढले आणि परत घातले जात होते. या धावपळीने तपासनीस स्वतःच दमला, त्याच्या फेऱ्या लांबल्या, आणि लांबलेल्या फेऱ्यांचा अर्थ यंत्रणेने ‘बिघाड’ असा लावून आणखी पत्ते काढले. त्यांच्यामागचे सर्व्हर ठणठणीत होते.

रात्री १० वाजून ६ मिनिटांनी, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ९.३६ला, अभियंत्यांनी स्वयंचलित फेलओव्हर बंद केला. पाटीकडे न बघता सगळे पत्ते पुन्हा द्यायला सुरुवात झाली आणि जोडण्या लागू लागल्या. तपासनिसाला परत कामावर घेतलं ते इथल्या मध्यरात्रीनंतर, २ वाजून ३९ मिनिटांनी.